मंडई ते अप्पा बळवंत चौक

पुण्याची मंडई म्हटली की लोकांच्या डोळ्यांपुढं भाजी उभी राहते. आमच्या पुरंदर तालुक्यातल्या माझ्या वयाच्या माणसाला मात्र मंडईबरोबर आणखी एक जागा आठवते. माल विकला गेला, पट्टी खिशात पडली, की मंडईतून निघून पंधरा मिनिटं चालायचं. अप्पा बळवंत चौक यायचा. तिथं ओळीनं पुस्तकांची दुकानं. आमच्या गावात ज्या पाच-सहा घरांत आज पुस्तकांची फळी आहे, तिच्यावरची निम्मी पुस्तकं वाटाण्याच्या नाहीतर अंजिराच्या पैशातून त्या चौकातनं आलेली आहेत. मंडईविषयी पुष्कळ लिहिलं गेलंय, पुण्यातल्या पुस्तकांच्या धंद्याविषयीही लिहिलं गेलंय. मला सांगायचंय ते या दोन बाजारांमधल्या वाटेविषयी. ती वाट शेतकऱ्याच्या पायांनी मळलेली होती. ती कशी पडली आणि कशी मोडली, एवढंच या लेखात आहे.

आधी मंडईचं बघू. पूर्वी पुण्याचा भाजीबाजार शनिवारवाड्यापुढच्या मैदानात उघड्यावर भरायचा. ऊन असो, पाऊस असो, माल मातीत आणि माणूसही मातीत. मग नगरपालिकेनं शुक्रवार पेठेत दगडी इमारत उभी केली. मधोमध अष्टकोनी मनोरा आणि भोवती गाळ्यांचे पाखे. १८८६ साली ती खुली झाली. मुंबई इलाख्याचे गव्हर्नर लॉर्ड रे यांचं नाव तिला दिलं, म्हणून जुनी माणसं तिला 'रे मार्केट' म्हणायची.

या इमारतीवर एवढा पैसा घालायला जोतीराव फुल्यांचा विरोध होता. ते तेव्हाच्या नगरपालिकेचे सभासद होते. एका लाटसाहेबाच्या स्वागताला हजार रुपये उधळायचा ठराव आला, तेव्हाही ते एकटे विरोधात गेले होते. हा पैसा गोरगरिबांच्या शिक्षणाला लावा, असं त्यांचं म्हणणं. पुढं पन्नासएक वर्षांनी आचार्य अत्रे नगरपालिकेत निवडून गेले आणि त्यांच्या पुढाकारानं त्याच रे मार्केटला महात्मा फुल्यांचं नाव मिळालं. ज्या इमारतीला विरोध केला, तिच्यावरच त्यांचं नाव लागलं.

आम्हा पुरंदरच्या लोकांना यात थोडा घरचा अभिमान आहे. अत्रे आमच्या कोढीतचे. फुल्यांचं घराणं मूळचं साताऱ्याकडच्या कटगुणचं, तिथनं ते आमच्या खानवडीत आलं आणि मग पुण्यात गेलं. म्हणजे मंडईवरचं नाव आमच्या तालुक्यातलं, आणि ते देणारा माणूसही आमच्याच तालुक्यातला.

पण मला जास्त विचार करायला लावते ती जोतीरावांच्या लहानपणची गोष्ट. त्यांच्या वडिलांचं, गोविंदरावांचं, पुण्यात भाजीपाल्याचं दुकान होतं. शिकून पोरगं शेतीच्या कामातनं जाईल, असं दुकानातल्या कारकुनानं त्यांच्या मनात भरवलं, आणि जोतीरावांची शाळा सुटली. हातात खुरपं आलं. शेजारचे गफार बेग मुन्शी आणि लिजिट साहेब यांनी गोविंदरावांची समजूत घातली, म्हणून १८४१ साली ते पुन्हा शाळेत गेले. भाजीचं दुकान आणि पुस्तक यांच्यामधली वाट किती अवघड असते, ते या एका गोष्टीत सगळं आलं. अंतर कमीच असतं. त्या वाटेवर कोणीतरी आडवा उभा असतो, आणि कोणीतरी हात धरून पलीकडं नेणारा लागतो.

आता ती वाट. मंडईतून तुळशीबागेत शिरायचं, विश्रामबागवाड्याशी बाहेर पडायचं, लक्ष्मी रस्ता ओलांडायचा, नूमवि शाळेवरनं सरळ गेलं की चौक. दुसरी वाट शिवाजी रस्त्यानं. तिकडनं गेलं की भिडे वाडा लागायचा. १८४८ साली जोतीराव आणि सावित्रीबाईंनी मुलींची शाळा काढली ती इथंच. त्याच साली पुण्यात लोकांसाठी ग्रंथालयही निघालं, तेच आजचं पुणे नगर वाचन मंदिर. भिडे वाडा आता राहिला नाही. २०२३ च्या डिसेंबरात तो पाडला, तिथं स्मारक व्हायचंय.

अप्पा बळवंत म्हणजे पेशव्यांचे सरदार अप्पा बळवंत मेहेंदळे. त्यांचे वडील बळवंतराव पानिपताच्या मोहिमेत पडले. अप्पांचा वाडा या चौकात होता, म्हणून चौकाला त्यांचं नाव. सरदाराच्या नावाच्या चौकात पुस्तकांचा बाजार भरला. पेठांमधून छापखाने होते, जवळपास शाळा होत्या, आणि पोरांना पुस्तकं लागत होती. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी तर निबंधमाला काढून न थांबता किताबखाना नावाचं पुस्तकांचं दुकानच घातलं होतं. लिहिणाऱ्यानं दुकान घालावं लागतं, हे पुण्यात इतक्या आधी कळलेलं होतं.

आमच्यासारख्यांच्या घरात मात्र निबंधमाला आली नाही. आमच्याकडं पहिलं छापील पुस्तक आलं ते पंचांग. मुंबईत गणपत कृष्णाजींनी १८४१ च्या सुमारास शिळाप्रेसवर पंचांग छापलं. शाईत चरबी असते म्हणून सोवळे लोक छापील पोथीला हात लावीनात, तेव्हा त्यांनी तुपाची शाई केली, असं सांगतात. पंचांगामागून पोथ्या आल्या. श्रीधरस्वामींचे पांडवप्रताप, हरिविजय, रामविजय. श्रावणात आमच्या देवळात पोथी लागायची. वाचणारा एक आणि ऐकणारं सगळं गाव. ती पोथी फाटली की नवी आणायचं काम मंडईला जाणाऱ्याकडं. तेव्हा शेतकरी पुस्तकाच्या दुकानात पहिल्यांदा गेला तो गावाचा निरोप्या म्हणून. नंतर स्वतःसाठी जायला लागला.

माझे वडील, आम्ही त्यांना दादा म्हणायचो, तसेच गेले. वाटाण्याच्या हंगामात रात्री ट्रक भरायचा, दिवे घाट उतरायचा, पहाटे मंडईत माल उतरवायचा. दिवस उजाडून थोडा वर येईपर्यंत सगळं उरकायचं. दुकानं उघडायला अजून वेळ असायचा. मंडईत चहा घ्यायचा आणि लोकांच्या गप्पा ऐकायच्या. पुणेकर त्याला मंडई विद्यापीठ म्हणतात. नगरपालिकेपासून दिल्लीपर्यंत सगळ्यांचा निकाल तिथं चहाच्या कपावर लागायचा. या विद्यापीठात प्रवेशाला मार्क लागत नसत, आणि माझ्यासारख्याला तेच सोयीचं होतं. १९७५ साली अकरावीची मॅट्रिक जाऊन दहावीचा बोर्ड आला. त्यानंतर लगेचच मी दहावी झालो आणि नांगराला लागलो. बहात्तरच्या दुष्काळानं घर मोडकळीला आणलेलं होतं, पुढं शिकायचा प्रश्नच नव्हता.

चौकातलं आमचं दुकान नामांकित नव्हतं. रसिक साहित्य, जोशी ब्रदर्स अशी मोठी नावं त्या भागात आहेत, तिथंही मी गेलोय. आमचं होतं ते दोन माणसं शेजारी उभी राहिली की भरणारं. पुढं लाकडी फळी, मागं छतापर्यंत पुस्तकं, वर माळा. माळ्यावर एक पोरगा बसलेला. खालून नाव पुकारलं की वरून पुस्तक यायचं. फळीमागं एक काका. धोतराला चिखल, खांद्यावर रिकामी पोती, अशा अवतारात आम्ही उभे राहायचो. शेजारी इस्त्रीचे कपडे घातलेलं गिऱ्हाईक. काका दोघांना एकाच आवाजात विचारायचे, "बोला, काय देऊ?"

आम्हाला पुस्तकाचं नाव कुठं माहीत असायचं! दादा म्हणायचे, "पोथी पायजे." काकांचा पुढचा प्रश्न ठरलेला, "वाचणार कोण?" आजी वाचणार असेल तर मोठ्या टाइपाची. देवळात मोठ्यानं वाचायची असेल तर शब्द सुटे छापलेली. पोरगं वाचणार असेल तर आधी गोष्टीचं पुस्तक पुढं यायचं. मी पुढं कितीतरी दुकानं पाहिली, पण वाचणार कोण हे विचारणारी थोडीच. आमचा वाटाणा इतकी वर्षं बाजारात जातोय, तो खाणार कोण, हे आम्हाला कधी कळलं नाही. पुस्तकाच्या दुकानात मात्र वाचणारा माणूस आधी येत होता आणि पुस्तक मागून येत होतं. त्या दुकानाची मोहिनी म्हणाल तर ती हीच.

आणि दुसरी गोष्ट भावाची. त्या काळी बऱ्याच बाजारांत हत्ता चालायचा. आडत्या आणि घेणारा रुमालाखाली एकमेकांचा हात धरायचे. बोटं दाबून भाव ठरायचा. ज्याचा माल तो शेजारी उभा, पण त्याला रुमालच काय तो दिसायचा. १९६३ साली बाजार समित्यांचा कायदा झाला, उघड लिलाव आला, तरी रुमाल लगेच खिशात गेला नाही. मग पट्टी हातात यायची. वर मालाची रक्कम, खाली आडत, हमाली, तोलाई, मोटारभाडं. सगळं वजा जाऊन उरेल ते आपलं. कधी कधी उरायचं नाही, उलट भाडं अंगावर यायचं.

तसल्याच एका सकाळी आम्ही दुकानात गेलो होतो. दादांनी पुस्तक उलटून बघितलं आणि आतल्या पानावर बोट ठेवून मला विचारलं, "हे काय लिवलंय?" मी म्हणालो, "किंमत." ते बराच वेळ त्या आकड्याकडं बघत राहिले. मग काकांना म्हणाले, "म्हंजे ज्याचा माल त्यानंच भाव टाकलाय?"

काका हसले. म्हणाले, "मामा, लिहिणाऱ्याला विचारा एकदा. त्याचीही पट्टी उशिराच येते."

दादा त्या दिवशी हसले नाहीत, पण गावात येऊन त्यांनी हे वीस जणांना सांगितलं. कापूस असो, कांदा असो, वाटाणा असो, पिकवणाऱ्याला भाव टाकता येत नाही. पुस्तक करणाऱ्याला निदान तो छापता तरी येतो. १९८० साली चाकणला शरद जोशींचं कांद्याचं आंदोलन झालं आणि रास्त भाव हा शब्द घरोघर गेला, तेव्हा दादा म्हणाले, "हे मला त्या पुस्तकाच्या दुकानात कळलं होतं."

उधारीचंही तसंच. आडत्याकडनं उचल घेतली की माल त्याच्याच गाळ्यावर घालावा लागायचा. दुसरीकडं चार पैसे जास्त मिळत असले तरी तोंड बांधलेलं. काकांनी एकदा पैसे कमी पडले तेव्हा पुस्तक कागदात गुंडाळून सुतळी बांधली आणि म्हणाले, "पुढच्या खेपेला द्या." नाव विचारलं, गाव विचारलं, वहीत लिहिलं. त्या उधारीनं आमच्यावर कसलंच बंधन आलं नाही. पुढच्या खेपेला पैसे देताना ते विचारत होते, "ते वाचून झालं का? कसं वाटलं?" पैशाआधी हे.

बहिणीच्या शिक्षणाला या चौकानं हात दिला. पाठ्यपुस्तक मंडळ, म्हणजे बालभारती, १९६७ साली पुण्यातच निघालं आणि राज्यभर पोरांच्या हातात सारखी पुस्तकं आली. पण नवी घ्यायची तर आमच्यासारख्याला तीही जड. जून महिन्यात चौकात जुन्या पुस्तकांचा बाजार गजबजायचा. यंदाची वापरलेली पुस्तकं विकायची, पुढच्या इयत्तेची वापरलेली घ्यायची. निम्म्या किमतीत अख्खा संच. कोणाच्या तरी शाईच्या खुणा, कोणाचं तरी नाव पहिल्या पानावर. बहीण त्या खुणांवरनं अभ्यास करायची. म्हणायची, "या पोरीनं जे अधोरेखित केलंय ते परीक्षेला येतं." ती दहावी झाली आणि पुढं अंगणवाडीत लागली. तिनं तीस वर्षं गावातली पोरं शिकवली. तिच्या दहावीचा सगळा खर्च दोन पोती वाटाण्याचा होता.

माझं स्वतःचं वाचन सुरू झालं ते काकांनी हातात ठेवलेल्या 'बनगरवाडी'नं. व्यंकटेश माडगूळकरांची ही कादंबरी १९५५ सालची. मेंढरं, दुष्काळ, गावातली शाळा, असं सगळं त्यात. तोपर्यंत मला वाटायचं, छापलेलं म्हणजे शहराचं. आपण बोलतो तसं माणूस छापील पानावर बोलू शकतो, हे तेव्हा पहिल्यांदा समजलं. नंतर शंकर पाटील आले, ना. धों. महानोरांच्या 'रानातल्या कविता' आल्या, आनंद यादवांची 'झोंबी' आली. 'झोंबी' वाचताना मी दोन वेळा पुस्तक खाली ठेवून रानात गेलो. शाळेसाठी बापाशी भांडणारं पोरगं म्हणजे कोण, ते मला सांगायची गरज नव्हती.

फुल्यांचं लिखाण मात्र मला दुकानात मिळालं नाही, रस्त्यावर मिळालं. साहित्य आणि संस्कृती मंडळानं १९६९ साली त्यांचं समग्र वाङ्मय छापलं, धनंजय कीर आणि स. गं. मालशे यांनी संपादित केलेलं. त्याची एक जुनी प्रत फूटपाथवरच्या ढिगात पडलेली होती, आत कुठल्याशा बंद पडलेल्या वाचनालयाचा शिक्का. 'शेतकऱ्याचा आसूड' १८८३ चा. मंडईचे दगड चढत होते त्याच काळातलं ते पुस्तक. ज्यांच्या नावाच्या मंडईत मी लहानपणापासून माल उतरवत होतो, त्यांनी शेतकऱ्याच्या लुबाडणुकीवर अख्खं पुस्तक लिहून ठेवलंय, हे मला वयाच्या पंचविशीत कळलं. मंडईत त्यांचं नाव होतं, आणि त्यांचं म्हणणं काय होतं ते पंधरा मिनिटांवरच्या चौकात विकायला होतं. मधली वाट चालल्याशिवाय दोन्ही जुळत नव्हती.

मग ही वाट मोडली. कोणी मुद्दाम मोडली असं नाही. पुणं वाढलं, मंडईत ट्रक मावेनात, ठोक बाजार गुलटेकडीच्या मार्केट यार्डात गेला. शेतकऱ्याच्या दृष्टीनं ते बरोबरच झालं. जागा मोठी, गाड्या लावायला सोय. मंडईत किरकोळ विक्री राहिली. पण यार्डातनं चौक लांब पडला. माल उतरवला की टेंपोवाला घाई करतो, भाड्याची दुसरी फेरी गाठायची असते. शेतकरी यार्डातून यायचा तो परस्पर गावाला. पुढं तर माणूसही जाईना, माल जायला लागला आणि पट्टी टेंपोवाल्याबरोबर यायला लागली. चौकातल्या दुकानांना आपलं एक गिऱ्हाईक कमी झालंय, हे कळलं तरी असेल का? कळलंही नसेल, कारण तोवर क्लासेसची, स्पर्धा परीक्षांची पोरं येत होती आणि गर्दी तेवढीच होती. पोती खांद्यावर टाकून आलेला माणूस त्या गर्दीत दिसेनासा झाला.

लोक म्हणतात, शेतकरी वाचत नाही. मी म्हणतो, तो वाचायच्या दुकानापाशी येत होता, तोवर वाचत होता. त्याच्या कामाच्या वाटेवर पुस्तक होतं. कामाची वाट बदलली आणि पुस्तक वाटेतनं बाजूला पडलं. आवड काही आकाशातनं पडत नाही. ती हाताशी असलेल्या गोष्टीची लागते.

मधल्या काळात दुकानांचंही दिवसमान फिरलं. कॅम्पातलं मॅनीज हे इंग्रजी पुस्तकांचं नावाजलेलं दुकान २०१२ साली बंद झालं. आमचं फळीचं दुकानही उठलं. काका थकले, त्यांची पोरं दुसऱ्या कामाला लागली. त्या जागी आता मोबाइलची कव्हरं मिळतात. पुस्तकं घरपोच येतात, आमच्या वाडीपर्यंत येतात, आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही. खोक्यातनं पुस्तक येतं, फक्त वाचणार कोण, हे खोकं विचारत नाही.

माझा पुतण्या रोज सकाळी मोबाइलवर यार्डातला भाव बघतो. दादांना रुमालाखालचं जे दिसलं नाही ते त्याला अंथरुणात बसून दिसतं. ही सुधारणाच आहे. पण भाव किती पडला ते मोबाइल सांगतो. का पडला, कधीपासून पडत आलाय आणि त्यावर आधी कोणी काय केलं, ते कळायला अजून पुस्तकच लागतं.

२९ सप्टेंबर २०२४ रोजी जिल्हा न्यायालय ते स्वारगेट ही भुयारी मेट्रो सुरू झाली. मंडईला जमिनीखाली स्थानक झालंय. सासवडहून बसनं स्वारगेटला उतरायचं, मेट्रोत बसायचं, पुढचंच स्थानक मंडई. वर आलं की तोच अष्टकोनी मनोरा आणि तिथनं तीच पंधरा मिनिटांची वाट. गुडघे दुखत असले तर वीस धरा.

आमच्या गावात दूध डेअरीत आता एक वही ठेवलीय. ज्याला जे पुस्तक हवं ते त्यानं वहीत लिहायचं, आणि दवाखान्याला, कोर्टाला, कशालाही पुण्याला जाणाऱ्यानं वही बघून जायचं. पैसे दुधाच्या पगारातनं वळते होतात. नाव माहीत नसलं तर विषय लिहिला तरी चालतो. आणि पुढं एक रकाना आहे, तो मी आखलाय: वाचणार कोण. गेल्या आठवड्यातल्या नोंदी अशा आहेत. कांद्याच्या साठवणुकीवरचं काहीतरी, मुलगा वाचणार. हरिविजय, मोठा टाइप, आई वाचणार. आणि 'शेतकऱ्याचा आसूड', दोन प्रती, बचत गट वाचणार.